ताटाचा आवाज
रात्री आभाळ बघताना डोळे दिपू नयेत म्हणून टॉर्चला लावायचा लाल जिलेटिनचा कागद काल खणात सापडला आणि डिंभे धरणाच्या पुढचा तो माळ आठवला. तारे बघायला आम्ही तीन मित्र पुण्याहून गाडी काढून गेलो होतो. आभाळ स्वच्छ, धरणावरून येणारा गार वारा, पण माळाला लागून असलेल्या एकुलत्या घराबाहेर हॅलोजन चालू होता. मी जाऊन तिथल्या बाईंना विचारलं, अर्धा तास दिवा बंद ठेवाल का? गोठ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "बिबट्या फिरतोय भाऊ, शेळ्या हायेत." मग म्हणाल्या, "बरं, लांबनं आलाय. बघा तुमी." दिवा विझला आणि आकाशगंगा अशी उजळली की आम्ही घड्याळ बघायचंच विसरलो. मागे कुणीतरी ताट वाजवत होतं. मला वाटलं, पलीकडच्या वाडीत भजन चाललंय. अर्ध्या तासाचा तास झाला. झालं म्हणून सांगायला गेलो, तर त्या गोठ्याच्या दाराशी अंधारात उकिडव्या बसून पळीने स्टीलचं ताट बडवत होत्या. "झालं का बघून?" एवढंच त्यांनी विचारलं. अजून लोक मला अंधाराची चांगली जागा विचारतात. त्या माळाचा रस्ता मी कुणाला सांगत नाही.