मागच्या दाराचा कॉलम

काशीदच्या त्या घराचं काम चालू असताना मला जेवताना, बाजारात भाजी घेताना एकच घोर असायचा. त्याने कॉलम पुन्हा हलवला असेल का?

तो म्हणजे पुण्याचा स्ट्रक्चरल इंजिनिअर. आम्ही कधी भेटलो नव्हतो. मी अलिबागहून घराचं डिझाइन करायची, तो सांगाडा बघायचा, आणि दोघं आपापल्या जागी बसून एकाच थ्रीडी मॉडेलवर काम करायचो. घर एका कोळी मावशींचं. खाली त्या राहणार, वर पर्यटकांसाठी दोन खोल्या.

एका सकाळी मॉडेल उघडलं, तर स्वयंपाकघराच्या मागच्या दारासमोर नवा काँक्रीटचा कॉलम. मी तो अडीच फूट सरकवला आणि शेजारी लिहिलं, 'दार अडतं.' दुपारी कॉलम परत जागच्या जागी. खाली उत्तर, 'लोड आहे.' म्हणजे वरून वजन येतंय. मी पुन्हा सरकवला, त्याने पुन्हा आणला. चार दिवस हेच. फोन करावा असं दोघांनाही सुचलं नाही. मला तर त्याच्या त्या दोन शब्दांचाच राग यायला लागला होता.

पाचव्या दिवशी गवंड्याचा फोन आला. "मॅडम, कॉलमचा खड्डा कालच्या नकाशावरनं मारू का आजच्या?"

"थांबा, काहीच करू नका."

"एक मारून झालाय."

स्कूटर काढली आणि तडक निघाले. पोचले तेव्हा मावशी खड्ड्याच्या काठावर उभ्या होत्या.

"हितं काय येनार हाय?"

मी टॅबवर मॉडेल दाखवलं. त्यांनी बोट कॉलमवर ठेवलं. "दारात खांब? डोक्यावर मासळीची पाटी घेऊन मी आडवी होऊन जाऊ व्हय? आदी दाखवलंस तवा ह्यो न्हवता."

तिथूनच इंजिनिअरला फोन लावला. "एवढा कसला लोड आहे हो तिथे?"

"मॅडम, पाण्याची टाकी. तुम्हीच त्या कोपऱ्यावर आणलीत ना? मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

खरंच होतं. रस्त्यावरून दिसू नये म्हणून आठवडाभर आधी मीच मॉडेलमध्ये टाकी जिन्याच्या माथ्यावरून उचलून मागच्या कोपऱ्यात नेली होती. कुणाला सांगितलं नव्हतं, कुठे दोन ओळीही लिहिल्या नव्हत्या.

"काय म्हनतो तो?" मावशींनी विचारलं.

"टाकी मी हलवली होती. चूक माझीच आहे."

"मग सांगायचं व्हतं त्याला," एवढंच त्या म्हणाल्या.

टाकी परत जिन्यावर गेली, कॉलम निघाला, खड्डा बुजला. रस्त्यावरून ती टाकी दिसते. मला अजूनही खुपते.

घरी आल्यावर मात्र स्वस्थ बसवेना. हातातली आणि झालेली सगळी कामं एकेक करून उघडली आणि न सांगता आपण आणखी काय काय हलवलंय ते शोधत राहिले. दोन गोष्टी सापडल्या. म्हसळ्याच्या घरातली न्हाणीची खिडकी होती, तिथे लगेच कळवलं. दुसरी श्रीवर्धनच्या एका घरातली भिंत, जिचं वजन तिथल्या इंजिनिअरने नव्या जागी धरलंच नसणार. ते घर बांधून झालं होतं, माणसं राहायलाही आली होती. त्यांना फोन करायला मला आठ दिवस लागले.