डावी दांडी

इंगळे सर नाव पाण्यात सोडण्याआधी ती कानाशी धरत. हातभर लांबीची, प्लायवूडची, पांढरी नाव. मागे दोन पंखे आणि प्रत्येक पंख्याला स्वतंत्र छोटी मोटर. सुकाणू नाही. रिमोट गळ्यात अडकवलेला असे. त्याची डावी दांडी डावी मोटर चालवी, उजवी दांडी उजवी. दोन्ही मोटरी सुरू करून सर डोळे मिटून ऐकत. आधी आवाज हेलकावे खाई. "भांडून राह्यल्या," सर म्हणत आणि एक दांडी केसभर मागे घेत. हेलकावे लांबत, विरत आणि एकच सलग सूर उरे. "आता नांदतीन." मगच नाव पाण्यात जाई.

सर मूळचे सोनाळ्याचे. देऊळगाव राजाच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले, पण बोली त्यांनी बदलली नाही. मी त्याच शाळेत ग्रंथपाल होतो आणि शेजारीही. मला ते 'लायब्ररीवाले' म्हणत. एक मोटर आणि एक सुकाणू असते तर सोपे झाले नसते का, असे मी त्यांच्या अंगणात एकदा विचारले होते.

"सोपं झालं असतं ना. पन एका खोक्यातल्या दोन मोटरी कदी सारख्या नसतात, लायब्ररीवाले. त्यायले सोबत चालवाचं, यातच तर मजा हाय."

"घरात दोन माणसं आहेत, ती आधी सोबत चालवा म्हणावं," स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला. तलावावर निघण्याआधी सर रोज अंगणातही मोटरींचा सूर जुळवून बघत, पण नाव बघायला म्हणून वहिनी कधी बाहेर आल्या नाहीत. त्यांच्या लेखी तो पोरखेळ होता.

गावाबाहेरच्या तलावात एक जुनी विहीर बुडालेली आहे. तिचा दगडी कठडा तेवढा पाण्यावर दिसतो. त्या कठड्याला वळसा घालून नाव परत आणायची, हा सरांचा रोजचा नेम. काठावर म्हशी धुणारा एकजण हटकून विचारी, "सर, आज तरी मासे आणले का नावेनं?"

"तुही म्हैस सरळ रेषेत चालवून दाखव बे आधी," सर म्हणत.

एका हिवाळ्यात सरांच्या डाव्या अंगावरून वारे गेले. जालन्याच्या दवाखान्यातून ते परतले तेव्हा वाचा जवळजवळ आली होती, पाय ओढत का होईना पडत होता. डावा हात मात्र मांडीवर परक्यासारखा पडून असे. मुलगा पुण्याहून आला होता. तो म्हणाला, नावेत एक छोटा भाग बसवला की दोन्ही मोटरी एकाच दांडीवर चालतील, एक अंगठा पुरेल. सरांनी त्याला नावेला हात लावू दिला नाही.

"थो भाग बसवला म्हंजे या हाताले सांगितल्यासारखं व्हते, का बा तुहं काम संपलं. डॉक्टर म्हनते, कामाले लावला तर येईन. थो आजारी रजेवर हाय, लायब्ररीवाले. नोकरीतून काढला नाई मी त्याले." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अन् रजेच्या जागेवर बदली शिक्षक लागते."

अशी ती डावी दांडी माझ्याकडे आली.

संध्याकाळी आम्ही काठावरच्या दगडावर बसू. मी त्यांच्या डाव्या बाजूला. नाव मी त्यांच्या कानाशी धरी. सूर जमला की पाण्यात सोडी. मग रिमोट दोघांच्या मध्ये, डावी दांडी माझ्या डाव्या अंगठ्याखाली, उजवी त्यांच्या उजव्या. सर आपला डावा हात उजव्या हाताने उचलत आणि माझ्या अंगठ्यावर आणून ठेवत. "बदलीवाल्याचा तास पाहू द्या त्याले."

बदलीवाल्याला काही येत नव्हते. नाव उजवीकडे वळवायची तर डावी मोटर वाढवावी लागते, म्हणजे काम माझे; आणि मी नेमका दांडी मागे घेई. परतीच्या वाटेवर तर नावेचे तोंड आमच्याकडे असे, तिची डावी बाजू आमच्या उजवीकडे येई आणि मी पुरता गोंधळे. नाव जागच्या जागी गिरक्या घेई. म्हशीवाला पाण्यात उतरून ती आणून देई आणि म्हणे, "सर, मास्तर बदला."

"काठावरून काऊन पाहता?" सर एकदा चिडून म्हणाले. "नावेत बसून पाहा. नाव कुठंबी तोंड करो, तिचं डावं तिच्याजवळच असते."

मी नावेत बसायला शिकलो. पुस्तकांच्या माणसाला ते जमावे, नाही तर कोणाला?

एका संध्याकाळी नाव सरळ विहिरीकडे गेली. कठड्याला सुरेख वळसा बसला. परतताना वाऱ्याने तिचे तोंड वळू लागले. डावी मोटर वाढवायला हवी होती आणि माझा अंगठा किंचित उशीर करत होता. तेवढ्यात त्याच्यावर दाब आला. फार नाही, पेन्सिलीने रेघ ओढावी एवढा. दांडी पुढे सरकली, नाव सरळ झाली आणि काठाला येऊन लागली. नावेकडे कोणाचे लक्ष नव्हते. आम्ही दोघेही त्या हाताकडे बघत होतो.

"मी नाही दाबलं, सर."

"माहीत हाय मले." त्यांनी तो हात उचलून अलगद मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "रुजू झाला."

उन्हाळा लागायच्या आत सर दुपारच्या झोपेतच गेले. रुजू झालेल्या हाताने तोवर शर्टाची बटणे लावायला सुरुवात केली होती. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर वहिनींनी नाव आणि रिमोट माझ्या हाती दिले. "तुम्ही चालवा. नुसती ठेवून काय करू?"

मी एकटाच तलावावर गेलो. दोन्ही हात धड असून नाव पुन्हा गिरक्या घेऊ लागली. माझा उजवा अंगठा काहीच शिकला नव्हता. त्याचे काम नेहमी दुसऱ्याने केले होते. दुसऱ्या दिवशी मी वहिनींना तसे सांगितले आणि विचारले, उजवी दांडी तुम्ही धराल का? त्यांनी पायांत चपला घातल्या.

काठावर त्या सरांच्या जागी बसल्या. रिमोट त्यांच्या मांडीवर ठेवून मी दोन्ही दांड्या पुढे केल्या आणि नाव कानाशी धरली. सूर मला बरा वाटला. मी पाण्याकडे वाकलो.

"थांबा." वहिनींनी डोळे मिटले होते. नाव चालताना त्यांनी कधी पाहिली नव्हती, पण स्वयंपाकघरात भाकरी थापताना रोज ऐकली होती. "भांडतायत अजून."

त्यांनी अंगठा पुढे केला आणि उजवी दांडी केसभर मागे घेतली. हेलकावे लांबले, विरले.

"आता सोडा," वहिनी म्हणाल्या.