गोविंदला मी वाकायला लावलं

हसायचं तर हसा, पण तोंडातला घोट आधी गिळून घ्या. मागे हा किस्सा सांगितला तेव्हा एका मैत्रिणीनं चहा थेट माझ्या साडीवर उडवला होता.

तर, मी नांदेडला आमच्या गच्चीवर योगाचा वर्ग घेते. बारा जण येतात. दहा बायका आणि दोन रिटायर गृहस्थ. या गृहस्थांना त्यांच्या बायकांनी सकाळची घरातली लुडबुड थांबावी म्हणून माझ्याकडे धाडलंय. वर्ग झकास चालला होता. पण पलीकडच्या गल्लीत एक नवा वर्ग निघाला. एसी हॉल, भिंतभर आरसे आणि शिकवणारा सर तरणाताठा! माझ्याकडे एसी म्हणजे वारा सुटला तर सुटला. झालं, माझी माणसं चुळबुळायला लागली. "मॅडम, उद्याचं बघते हं." आता आमच्याकडे ‘बघते’ म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको.

शिष्यांना रोज सांगते, मन शांत ठेवा. आणि स्वतः रात्रभर कूस बदलते! शेवटी ठरवलं, तीन दिवसांचं निवासी शिबिर घ्यायचं. शेतावर, झाडाखाली, मस्त. एसी हॉलवाल्याला जमणार आहे का असं काही? ग्रुपवर तारखांसकट टाकलं. चार-पाच जणांनी ‘हो’चा अंगठा टाकला, बाकीच्यांनी लिहिलं, ‘बघू’. म्हणजे आता सगळी मदार जागेवर. जागा फक्कड मिळाली तर वर्ग टिकणार, नाहीतर गच्चीवर मी आणि कबुतरं.

माझ्या बहिणीचे यजमान, दिलीप भावजी, लातूरला असतात. ते म्हणाले, "रेणापूरजवळ आमच्या ओळखीच्या बापूंचं शेत आहे. नवं घर बांधलंय, मोठा हॉल, आंब्याची गार सावली. बापू देवमाणूस. मी सांगून ठेवतो, तुम्ही रविवारी बघून या."

‘सांगून ठेवतो’ या शब्दावर अख्खा मराठवाडा चालतो. त्यावर परत फोन करून "सांगितलं का हो?" असं विचारणं म्हणजे जावयाचा अपमानच की! म्हणून मी विचारलं नाही. आणि भावजींनी सांगितलं नाही.

रविवारी आम्ही दोघं नवरा-बायको निघालो. "योगा नांदेडमधी करता येत न्हाई का?" हे वाक्य नवऱ्यानं अहमदपूरपर्यंत आळवलं. पण बापूंच्या शेतावर पोचलो आणि नवऱ्याचं तोंड बंद झालं. अंगणात सडा, सड्यावर रांगोळी! बापू कडक इस्त्रीच्या कपड्यांत, नवी टोपी घालून फाटकातच उभे.

"नांदेडहून ना? या, या! सकाळधरनं वाट बघून राहिलो."

मी नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "बघा. याला म्हणतात सांगून ठेवणं."

आता तुम्ही म्हणाल, बाई, तिथंच का नाही सांगितलंस कशाला आलीस ते? अहो, कसं सांगणार? आलेल्या पाहुण्याला "कामून आलाव?" विचारणं म्हणजे दारातून परत लावणं. आणि पाहुण्यानं पाणी प्यायच्या आत कामाचं काढणं म्हणजे अधाशीपणा. त्यांनी विचारलं नाही, मी बोलले नाही. दोन्हीकडे सभ्यता नुसती ओसंडून वाहत होती.

पोहे आले. वरून खोबरं, कोथिंबीर, बाजूला चिवडा, लाडू. नवरा खूश. मी मात्र घर बघायला उठले. सोबत बापू आणि त्यांच्या कारभारीण काकू.

"उन्हाळ्यात पाणी टिकतं का हो?" मी विचारलं. लातूरकडं हा प्रश्न पहिला विचारावा लागतो.

"दोन बोअर, एक हीर. गेल्या उन्हाळ्यात गावाला पाणी दिलं आमी," बापू म्हणाले.

"संडास-बाथरूम?"

"घरातच. कमोडबी हाय."

"घरात कुणी पितं का? तंबाखू, गुटखा?"

बापूंनी कानाला हात लावले. "माळकरी घर हाय, ताई. सुपारीबी न्हाई."

वा! मला तर हॉलमध्ये बारा मॅट अंथरलेल्या दिसायला लागल्या.

"हे बघा काकू," मी म्हटलं, "आधीच सांगितलेलं बरं. आमचं माणूस पहाटे पाचला उठणार आणि डोळे मिटून बसणार. तासभर. तेव्हा कुणी काम सांगायचं नाही."

काकूंचा चेहरा उतरला. "मग चा कोण करंल?"

"चहा तुम्ही करायचा. बिनसाखरेचा. आणि दुपारपर्यंत मौन. काही बोललात तरी उत्तर यायचं नाही."

"उलटून बोलायचंच न्हाई?" काकूंचा चेहरा परत वर आला. "दुपारपस्तोर?"

"एक शब्द नाही."

काकू बापूंकडे बघून म्हणाल्या, "ह्ये बरंय की!"

मी आणखी जोरात सुटले. "बारा जण येतील. सध्या तीन दिवस राहून बघतील. पटलं तर पुढचं बघू. नाही पटलं तर लोह्याला आणि भोकरलाही एकेक आहे मनात."

बापूंनी टोपी काढली, डोकं पुसलं, परत घातली. काकूंचा पदर तोंडाशी गेला.

"बारा?" बापू चाचरत म्हणाले. "पाठराखणीला बारा?"

लग्न झाल्यावर नव्या नवरीसोबत सासरी कुणीतरी मोठी बाई जाते, ती पाठराखीण. मला वाटलं, बापू काय गमतीचा माणूस आहे! मी खळखळून हसले. "हो हो, तसंच समजा! त्यातले दोन तर पुरुष आहेत!"

बापू खाटेवर बसले.

"आणि देण्याघेण्याचं?" मी हळूच विचारलं.

बापू ताठ झाले. "त्ये नाव काढू नगा, ताई. एक रुपाया घेणार न्हाई. घेणं म्हंजे पाप."

फुकट! मला गहिवरून आलं हो. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. एसी हॉलवाल्या सराला मनातल्या मनात म्हटलं, बघ लेका, आमची माणसं बघ.

"मग सगळी व्यवस्था कोण बघतं?" मी विचारलं.

"आमचा गोविंद. गोविंदाऽ, भायेर ये रे!"

गोविंद आला. तिशी ओलांडलेला, नवा शर्ट, कपाळावर घाम. शिबिरात हाच आपल्या हाताखाली राहणार, असं मी धरून चालले. आणि तुम्हाला माझी खोड ठाऊक आहे. समोर माणूस उभा राहिला की मला त्याचं तोंड दिसतच नाही, पाठीचा कणा दिसतो. याचा कणा तर विळ्यासारखा!

"सरळ उभे राहा बघू. खांदे मागे. हं, आता चालून दाखवा."

तो चालला.

"परत या. जीभ काढा."

त्यानं आईकडे बघितलं. आईनं मान हलवली. त्यानं जीभ काढली.

"पित्त आहे. आता गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरा."

बिचारा वाकला. नव्या शर्टाची शिवण ‘टर्र’ झाली. काकू डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "बैलबाजारात बी येवढं बघत न्हाईत वो!"

तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. फेटा बांधलेले एक गृहस्थ आणि त्यांची बायको उतरली. हात जोडून म्हणाले, "राम राम. उशीर झाला जरा. आमी नांदेडचे. पोरीचे मामा-मामी. घर बघायला आलाव."

अंगठे धरून वाकलेला गोविंद तसाच राहिला. बापूंनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. आणि शेवटी ते विचारलंच, जे आमच्याकडे कुणी कधी विचारत नाही.

"मंग तुमी कोन?"

"आम्ही... योगा," मी म्हटलं.

मग मी हळूच शिबिराचं सांगितलं, काकूंनी माझ्या कानात त्यांचं, तेव्हा उलगडलं. गोविंदचं लग्न जमता जमत नव्हतं. शेती करणाऱ्याला मुलगी कोण देतं आजकाल? महामुश्किलीनं एकीकडे जमत आलं होतं. मुलगी लोह्याची, दोन्हीकडून पसंती झालेली. फक्त तिच्या मामा-मामींनी घर बघून हो म्हणायचं होतं, आणि त्यांना या घरातल्या कुणी पाहिलेलं नव्हतं. अन् त्या पोराला मी जीभ काढायला लावली! धरणीमाता, पोटात घे म्हटलं. नवरा तर तिसरी बशी हातात घेऊन पुतळा झालेला.

मामांनी आमच्याकडे संशयानं बघितलं. "ह्ये कोन पाव्हणे?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकूंनी माझा दंड असा आवळला की अजून दुखतो. म्हणाल्या, "ह्येबी नांदेडचेच. गोविंदाला बघून राहिल्यात. लई बारीक बघितलं बाईनं! बारा माणसं घिऊन ऱ्हायला येतो म्हणतेत. लोह्याचं, भोकरचं सोडून आमचंच घर पसंत पडलंय त्यांना."

एक अक्षर खोटं होतं का त्यात? मामा-मामींनी एकमेकांकडे बघितलं. मामांनी मला आंब्याखाली बाजूला घेतलं. "ताई, खरं सांगा. पोरगा कसा हाय?"

"पाठ जरा आखडलीय," मी म्हटलं. "बाकी निर्मळ. सांगाल ते ऐकतो."

मामा तरातरा परत गेले आणि टेकायच्या आत म्हणाले, "बापू, आमचं पक्कं समजा. दुसऱ्या कुणाला शब्द दिऊ नगा." काकूंनी साखर वाटली. पहिली चिमूट माझ्या तोंडात.

त्या गडबडीत मी तारखा सांगून शिबिराचं विचारलं, तर बापू म्हणाले, "फोन करतो ताई." आठवड्यानं फोन आला.

"ताई, तुमचा पायगुण! लग्न धरलं. तुमी त्ये तीन दिवस म्हणला व्हता ना, त्यातच मुहूर्त निघाला. तुमची माणसं मोकळीच हाईत तवा!"

"अहो बापू, पण मग शिबिर?"

"शिबिर पुढच्या साली घ्या की. आता हॉलमधी आचारी बसनार, आंब्याखाली मांडव. पर बाराबी जणं आणा बरं का! हिनं पाव्हण्यांना सांगून ठेवलंय."

काय करता? ग्रुपवर लिहिलं, ‘शिबिर रद्द. त्याच तारखांना, त्याच जागी लग्न आहे. सगळ्यांना आमंत्रण. मॅट नको, आहेर आणा.’

खोटं वाटेल तुम्हाला, पण फोन खाली ठेवायच्या आत धडाधड अंगठे आले. ‘बघू’वाल्यांचे सगळ्यात आधी! दोघा रिटायर गृहस्थांनी तर जेवणात काय आहे तेही विचारलं.

मला वाटलं, चला, वर्ग फुटला नाही अजून. जीवात जीव आला. तेवढ्यात वर्गातल्या सुमनताईंचा मेसेज पडला. ‘मॅडम, गाडीत जागा असेल तर आमच्या नव्या सरांनाही घेऊ का?’