तेल्हाऱ्याहून लिथुआनियाला

बाबा तेल्हाऱ्याच्या शाळेत तीस वर्षं मराठी आणि संस्कृत शिकवून निवृत्त झाले. त्यानंतर महिनाभराने मी अमरावतीहून घरी गेले, तर ते ओसरीवर नकाशाचं जुनं पुस्तक उघडून बसले होते.

"मले लिथुआनियाले जायचं हाय," ते म्हणाले.

मला आधी वाटलं, कुठल्या तरी औषधाचं नाव आहे. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. रशियाच्या कडेला, समुद्राला टेकलेला, आपल्या सात-आठ जिल्ह्यांएवढा देश. एम.ए.च्या वेळी भाषाशास्त्राच्या पुस्तकात त्यांनी वाचलं होतं की तिथल्या लोकांच्या तोंडी अजूनही असे शब्द आहेत, जे संस्कृतचे सख्खे वाटतात. तेव्हापासून ते डोक्यात होतं. आम्हाला मात्र इतक्या वर्षांत त्यांनी एका अक्षराने सांगितलं नव्हतं.

पुण्याच्या भावाला फोन लावून स्पीकरवर ठेवला. तो म्हणाला, "बाबा, थायलंडले जा ना. स्वस्त पडन, बुद्धविहारंबी दिसतीन."

"ते पाहू मंग. आदी हे," बाबा म्हणाले.

खर्चात ते दोन लाखांपलीकडे जाणार नव्हते, आणि मी सोबत जायचं होतं. मी पाटबंधारे खात्यात कारकून आहे, अंदाजपत्रक करणं माझं रोजचंच काम. तरी हे जमेना. तिथल्या उन्हाळ्यातली, म्हणजे जून-जुलैची, विमानाची तिकिटंच निम्म्याहून जास्त पैसे खायची, म्हणून एप्रिलची सुरुवात धरली. तेव्हा तिथे थंडी असते आणि प्रवासी कमी. मुंबईहून एकदा विमान बदलून जायचं तिकीट परवडत होतं. राजधानीतल्या खोल्या मात्र आमच्या आवाक्याबाहेर होत्या. शोधता शोधता दोन तास बसने लांब असलेल्या एका गावात, एका म्हाताऱ्या बाईच्या घरातली खोली सापडली. स्वयंपाकघर वापरायला मिळणार होतं, म्हणजे भाजणी आणि ज्वारीचं पीठ नेलं की जेवणाचा खर्च वाचणार होता.

बाईंना इंग्रजी येत नव्हतं. फोनमधल्या भाषांतराच्या सोयीने आम्ही निरोप पाठवत होतो. एका रविवारी दुपारी, मी तेल्हाऱ्याला असताना, त्यांनीच व्हिडिओ कॉल लावला, घर दाखवायला. गालावर लाली, डोक्याला रुमाल, मागे लाकडांची चूल. चूल पेटवताना खोलीत धूर झाला आणि त्या हात हलवत, हसत काहीतरी म्हणाल्या. त्यातला एकच शब्द मला ऐकू आला, "दूमाय."

बाबा खुर्चीतून उठले.

"धूम!" ते म्हणाले. "बाई, धूम म्हने ते!"

त्या गोंधळल्या. बाबांनी आमच्या स्वयंपाकघरातल्या शेगडीची ज्योत दाखवली आणि विचारलं, "अग्नी?"

"उग्निस," बाई म्हणाल्या.

मग दोघांचा खेळच सुरू झाला. त्यांनी मधाची बरणी वर धरली, "मेदुस." बाबा म्हणाले, "मधु." त्यांनी भिंतीवरचा मुलाचा फोटो दाखवला, "सूनुस." बाबा म्हणाले, "सूनु, पोरगा." खिडकीतून अंगणातल्या मेंढीकडे त्यांनी बोट केलं, "अविस." संस्कृतातही मेंढी म्हणजे 'अवि'. बाबांनी तो शब्द दोनदा हळूच म्हणून पाहिला. मी पहिल्यांदा त्यांना एखाद्या शब्दापुढे असं उभं राहिलेलं पाहिलं.

कॉल बंद झाल्यावर ते पुन्हा खुर्चीत बसले. मग म्हणाले, "माहा बाप कापूस वेचाले जाये. मी शाळेत संस्कृतच्या वर्गात बसलो, तं मास्तर म्हने, तुले काय करायचं हे? आन् तिथं पाय, शेतकऱ्याची बाई चूल पेटोता पेटोता बोलून राहिली."

"म्हणजे तीच भाषा?" मी विचारलं.

"तीच नाई. बहीण हाय. लहानपनीच वेगळी झालेली."

त्याच संध्याकाळी बाईंचा निरोप आला. खोलीचं भाडं त्यांनी थोडं कमी केलं होतं, फक्त सकाळची लाकडं आम्हीच आत आणायची. बाबांनी ती अट आनंदाने मान्य केली आणि माझा हिशेब पहिल्यांदा दोन लाखांत बसला.

व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला आम्ही मुंबईला गेलो. बँकेचे उतारे, विमा, परतीचं तिकीट, सगळं लावून झालं होतं. प्रवासाचं कारण बाबांनी स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहिलं: मी निवृत्त शिक्षक आहे. जे शब्द मी तीस वर्षं फळ्यावर लिहिले, ते माणसांच्या तोंडून ऐकायचे आहेत. एवढंच. खिडकीतल्या मुलीने ते वाचलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता कागद आत घेतले. तीन आठवड्यांनी पासपोर्ट शिक्क्यासह परत आले.

आम्ही गेलो. बाबा रोज सकाळी लाकडं आणत, बाईंना एकेक शब्द विचारत आणि वहीत लिहून घेत. बाई त्यांचा उच्चार दुरुस्त करत, अगदी शाळेत करतात तसा. आठव्या दिवशी आम्ही बसने समुद्रावर गेलो. वारा इतका गार होता की डोळ्यांतून पाणी येत होतं. बाबांनी बूट-मोजे काढून वाळूत ठेवले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि थेट पाण्यात गेले. ओंजळ भरून थोडं चाखलं.

"इकडं ये," ते ओरडले. "हे तं खारटच नाई फारसं!"

मी काठावर उभी होते, हात खिशात घालून. मग मीही बूट काढले.