वाफेनंतरचा तास

"हात सैल सोड गं, कापून नेत नाही तुझा हात!"

बोरिवलीच्या बाजारातल्या निम्म्या बायकांनी हे वाक्य ऐकलेलं आहे. बोलणारी आमची कासारीण मावशी. रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून बांगड्या विकायला बसायची, म्हणजे बसायची हे आपलं म्हणायचं. एक गुडघा कायम उभा, नजर चार गिऱ्हाइकांवर, आणि बोटं इतकी चपळ की तुम्ही भाव करेपर्यंत बांगडी मनगटावर चढलेली असायची. हात आखडलात की पेरांवर टिचकी बसायची.

अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. मला ती दोन्हीकडून माहीत होती. बाजारात ती माझा हात धरायची आणि दवाखान्यात मी तिचा. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी बाजारामागच्या दवाखान्यात कंपाउंडर होते आणि मावशीला जुना दमा. आमच्या डॉक्टरांनी वाफेचं मशीन नवीनच आणलं होतं. औषधाचे थेंब सलाइनमध्ये घालून मशीन लावलं की मास्कमधून औषध थेट छातीत. आवाज असा की बाहेर बसलेले पेशंट दचकायचे.

पहिल्यांदा वाफ घेतली आणि मावशी खूश. "झकास आहे गं हे! छाती कशी मोकळी झाली!" मग तिचं लक्ष हातांकडे गेलं. बोटं थरथरत होती.

"अगं बाई, हे काय? काळीजपण धडधडतंय. वाट लागली माझी!"

डॉक्टर म्हणाले, "औषधाचा परिणाम आहे, घाबरू नका. आपोआप उतरतो. तासभर स्वस्थ बसून राहा."

"तासभर? बसून काय अंडी उबवू?" म्हणाली आणि गेली.

त्याच दिवशी बाजारात एका नव्या सुनेच्या हातावर तिच्याकडून बांगड्या वाढल्या. आपण 'फुटली' म्हणत नाही, 'वाढली' म्हणतो, पण काहीही म्हणा, समोरच्या सासूचं तोंड पडायचं ते पडलंच. सुनेला उठवून सासू पलीकडच्या दुकानात घेऊन गेली. तेव्हापासून मावशीचं वाफेशी वैर. श्वास गळ्याशी आला की मगच यायची.

"मरशील अशाने एक दिवस," मी ओरडायचे. माझी जीभ तशी तिखटच.

"मरेन तेव्हा मरेन. पण हात थरथरतो म्हटल्यावर माझ्यापुढे बसणार कोण?"

मी मशीन जोरात पुसायचे.

तरी तिची थरथर जरा जास्तच वाटत होती. एकदा उलटतपासणी घेतली तेव्हा कळलं, बाई दवाखान्यात यायच्या आधी दुकानातली दम्याची गोळी खाते आणि वर कडक काळा चहा ढोसते. का, तर "रांगेत जीव जायला नको म्हणून." डॉक्टर भडकले. ती गोळीही हात थरथरवणारी, त्यात चहा, त्यावर वाफ! बिचारं मशीन फुकट बदनाम झालं होतं. मग गोळी बंद, चहा बंद, थेंब थोडे कमी केले. फरक पडला. धडधड निम्म्यावर आली. हातांना मात्र अजून तासभर द्यावाच लागायचा.

तो तास काढणं म्हणजे शिक्षा, तिला आणि मलाही. बाकावर बसवलं की उठायची. कापसाचे बोळे वळून द्यायची, दुसऱ्यांच्या पोरांना दटावायची, हात पुढे धरून बघायची. "झाला ना तास?" "आत्ता तर बसलीस!" तिची चुळबुळ बघून मलाच बसवेना.

लोकांनी विचारणं सोडल्यानंतर माझं लग्न ठरलं. घरच्यांइतकीच मावशी नाचली. "तुझा चुडा मीच भरणार. एक बांगडी वाढू द्यायची नाही."

चुड्याच्या दिवशी आमच्या खोलीत बायकांची ही गर्दी. माझा डावा हात भरून झाला, हिरवागार. आणि मला जाणवलं, मावशी बोलत नाहीये. ही बाई गप्प? तिच्या छातीतून शिट्टी येत होती, ओठ काळेनिळे दिसत होते.

"मावशी, वाफ कधी घेतलीस?"

"हात सैल सोड."

"कधी?"

"झाले असतील चार दिवस. आज हात थरथरायला नको होता."

माझं डोकंच फिरलं. हात सोडवून उठले. आई किंचाळली, "अगं, अर्ध्या चुड्यावरून उठतात का? अपशकुन!"

"असू दे अपशकुन!" म्हटलं आणि मावशीला रिक्षात कोंबलं, बांगड्यांच्या टोपलीसकट. एक हात भरलेला, एक मोकळा, अशी नवरी मशीन लावतेय हे बघून पेशंट स्वतःचं दुखणं विसरले.

वाफ झाली. मावशी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली.

"भर आता. वाढल्या तर वाढल्या," मी म्हटलं.

"तुझ्या नाही."

मग बसलो. घरी पाहुणे, आई चिडलेली, माझा पाय नुसता हलत होता. मावशी एकदम रडायलाच लागली. "तू थांबतेस गं. बाकीच्यांना कुठं सांगू, माझ्यासाठी तासभर थांबा म्हणून?"

उजवा हात तिने त्या बाकावर भरला. रिवाजाप्रमाणे मी वाकून नमस्कार केला. डोक्यावर ठेवलेला तिचा हात अजून किंचित हलत होता. "यापुढे वाफ चुकवणार नाहीस. बोल," मी म्हटलं. "हो गं बाई, हो," म्हणाली.

मी मुलुंडला सासरी गेले. पहिल्यांदा माहेरी आले ती थेट दवाखान्यात. डॉक्टरांनी बसायला सांगितलं तिथेच मी समजले.

दहिसरला कुणाचा तरी चुडा होता. त्याआधी कितीतरी दिवस मावशी वाफेला फिरकली नव्हती. नवरीचे दोन्ही हात भरले, करवल्यांचे भरले, चहा नको म्हणाली आणि टोपली घेऊन निघाली. जिना उतरता उतरता पायरीवर बसली. तिथून उठली नाही.

त्या नवरीची एकही बांगडी वाढली नाही म्हणे. हे ऐकलं आणि मला त्या न पाहिलेल्या पोरीचा असा संताप आला! तिचा काय दोष? तासभर थांबायचं असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. संताप अजून येतो.