पाळकांच्या अर्जावरची सही

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नाही. चाळीस वर्षं टाळली. त्या निवडणुकीचा विषय निघाला, की मुलगा म्हणतो, जुनं कशाला उकरता? — उकरणार. माझ्या नावाला बट्टा लागेल म्हणतो? लागू दे. खरा आहे तो बट्टा.

चोपड्याकडच्या आमच्या गावात शमुवेलभाऊ होते. वस्तीतल्या वीस-पंचवीस ख्रिस्ती घरांचे पाळक. ऐंशी साली त्यांनी मला पेपरातलं एक कात्रण दाखवलं. प्रशांत महासागरातल्या बेटांचा एक देश स्वतंत्र झाला होता, आणि लढा चालवणारा एक पाद्रीच तिथला पंतप्रधान झाला होता.

"आप्पा, तो देश चालवतो. मला वस्तीत नळ आणता येणार नाही?"

त्यांनी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा अर्ज भरला. सूचक म्हणून सही मी केली — हौसेनं, चहा पीत.

सरपंच नाना पारावर हसले. "पादरीले पंतप्रधान व्हनं शे का?" मग मला बाजूला घेतलं. माझी केळीची बाग कापणीला आली होती, आणि गावातले केळीचे ट्रक तेच ठरवायचे. "तुना बाग कापाले उना शे. ट्रक मी धाडसू. ती सही तुनी नई, इतलंच सांग."

झाडावर पिकलेल्या घडाला व्यापारी हात लावत नाही, हे खरं. पण ट्रक मला दुसरीकडून मिळाला असता. तेव्हा केळीच्या आड मी लपणार नाही.

छाननीच्या दिवशी अर्ज तपासणाऱ्या साहेबांनी विचारलं, सही तुमची? मी — कसं सांगू? — मी "नाही" म्हणालो.

शमुवेलभाऊ हळूच म्हणाले, "आप्पा, चष्मा लावा. परत बघा."

वाट करून देत होते मला. कळलं नव्हतं का? कळलं होतं. चष्मा खिशातच होता. मी पुन्हा म्हणालो, "नाही."

अर्ज बाद झाला. नळ आला नाही. गावानं त्यांचं नाव 'खोट्या सहीचा पादरी' ठेवलं, आणि वर्षभरात ते धुळ्याला निघून गेले. मला मात्र गाव अजून सज्जन म्हणतं. गाव चुकतं.

नव्वदनंतर एकदा धुळ्याला गेलो, माफी मागायलाच. आज शमुवेलभाऊ हयात नाहीत; तेव्हा होते. त्या दिवशी त्यांच्या घरी शेजारपाजारचे लोक बसलेले होते. भाऊ त्यांना म्हणाले, "हे आमचे आप्पा. माझ्या अर्जावर सही करायला अख्ख्या गावात हा एकच माणूस पुढे आला होता."

मी मान डोलावली. केळीचा भाव सांगितला. ते दारापर्यंत आले, माझा हात धरून उभे राहिले — बराच वेळ.

मी म्हणालो, "बस चुकेल, भाऊ. येतो."