एका बोटाने सरकणारा खण

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. आज घाटमाथ्यावर जीप थांबवली, सुधाने मागचं दार उघडलं आणि भांड्यांनी भरलेला लाकडी खण एका बोटाने ओढला. तो अलगद बाहेर आला. मी बघतच राहिलो.

प्रवासाचं सामान ठेवायला जीपमध्ये हे खण मी बनवले, हे खरं. पण खण सरकवायला आधी बसवलेल्या लोखंडी चॅनलच्या बेअरिंगमध्ये रस्त्याची धूळ गेली आणि दोन प्रवासांतच खण जाम झाले. मी चिडून तेल ओतत होतो.

"अहो, तेलाने धूळ आणखी चिकटेल," सुधा म्हणाली आणि भाजी चिरायचा प्लास्टिकचा जाड बोर्ड तिने माझ्यापुढे ठेवला. "याच्या पट्ट्या कापून खणाखाली लावा. बेअरिंगच नको."

पट्ट्या लावल्या आणि खण सरकले. मित्र थक्क झाले, तेव्हा मी म्हणालो, "सहज सुचलं मला." सुधा तिथेच उभी होती. "हो ना, यांचं डोकं फार चालतं," एवढंच म्हणाली.

आमचा संसारही असाच बिनबोभाट सरकत आला. खाली कोण झिजतंय, हे मी कधी वाकून पाहिलं नाही.

आता स्टोव्हवरचा चहा गाळून तिने कप माझ्या हातात दिला. "असं काय बघताय?"

सुधा, त्या दिवशी तुझं नाव घ्यायला हवं होतं, चुकलं माझं, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "चहा फक्कड झालाय."